दोन मिनिटांच्या विमानाचा हिशोब

प्रश्न असा आहे: "स्कॉटलंडमध्ये दोन बेटांच्या मध्ये जगातलं सगळ्यात छोटं प्रवासी उड्डाण होतं, जेमतेम दोन मिनिटांचं. एवढ्याशा अंतरासाठी विमान कशाला? पूल का बांधत नाहीत, बोट का नाही? कंपनीला हे परवडतं कसं? दिवसभर असं उठबस करून विमानाची वाट लागत नाही का? आणि आपल्याकडे असं काही होऊ शकेल का?"

मी विमान देखभालीतला माणूस. नौदलात असताना कोचीला याच जातीच्या, म्हणजे ब्रिटन-नॉर्मन आयलँडर विमानांवर काम केलं आणि नंतर नागरी सेवेत छोट्या टर्बोप्रॉप विमानांवर, म्हणजे टर्बाइन इंजिनाने प्रोपेलर फिरवणाऱ्या विमानांवर. त्यामुळे या प्रश्नाकडे मी हँगरमधून, म्हणजे विमानं ठेवायच्या-दुरुस्त करायच्या शेडमधून बघतो. तिथून बघितलं की 'दोन मिनिटं' ही गोष्ट फारशी महत्त्वाची राहत नाही. अशा सेवेत सगळा हिशोब मिनिटांवर नव्हे, लँडिंगवर चालतो. विमानाची झीज, खर्च, वैमानिकाचा थकवा, सरकारने द्यायचे पैसे, हे सगळं लँडिंगच्या संख्येवर ठरतं. हे ज्यांना कळलं त्यांच्याकडे अशा सेवा पन्नास-पन्नास वर्षं चालल्या.

आधी ठिकाण समजून घेऊ. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी नावाचा द्वीपसमूह आहे. त्यातल्या मुख्य बेटावर कर्कवॉल हे गाव आहे. रुग्णालय, मोठी बाजारपेठ, सरकारी कचेऱ्या, बाहेरच्या जगाला जोडणारा विमानतळ, सगळं तिथे. उत्तरेच्या टोकाला वेस्ट्रे आणि त्याच्या शेजारी पापा वेस्ट्रे ही दोन बेटं. पापा वेस्ट्रेला तिथले लोक नुसतं 'पापे' म्हणतात. वस्ती नव्वदच्या आसपास. या दोन बेटांच्या धावपट्ट्यांमधलं अंतर आहे सुमारे २.७ किलोमीटर. मुंबई विमानतळाची मुख्य धावपट्टी जवळजवळ साडेतीन किलोमीटर लांब आहे, म्हणजे हा अख्खा हवाई प्रवास तिच्या लांबीत मावतो आणि वर जागा उरते. लोगनएअर ही स्कॉटिश कंपनी १९६७ पासून इथे आयलँडर उडवत आली. वेळापत्रकात दोन मिनिटं लिहिलेली असतात, प्रत्यक्षात बऱ्याचदा दीड मिनिटात काम होतं आणि वारा पाठीशी असेल तर त्याहूनही कमी लागतं. स्टुअर्ट लिंकलेटर या वैमानिकाच्या नावावर ५३ सेकंदांचा विक्रम आहे. निवृत्त होईपर्यंत त्यांनी हा टप्पा बारा हजारांहून जास्त वेळा उडवला.

बातम्यांमध्ये एवढंच येतं आणि तिथेच गैरसमज होतो. वाचणाऱ्याला वाटतं की विमान दिवसभर या दोन बेटांच्या मध्ये येरझाऱ्या घालतं. तसं नसतं. विमान कर्कवॉलहून निघतं, वेस्ट्रेला उतरतं, तिथून पापेला जातं आणि पापेहून परत कर्कवॉलला येतं. कधी हाच फेरा उलट्या बाजूने होतो. आपल्या गावफेरीच्या एसटीने दोन वाड्यांवर थांबत तालुक्याला जावं, तसं हे. दोन वाड्या जवळजवळ असल्या म्हणून कोणी एसटीला 'जगातली सगळ्यात छोटी बस' म्हणत नाही. प्रवाशाला मुळात वेस्ट्रेहून पापेला जायचं नसतं, त्याला कर्कवॉलला जायचं असतं. दोन मिनिटांचा टप्पा ही त्या त्रिकोणाची सगळ्यात आखूड बाजू आहे.

आता तुमच्या परवडण्याच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच मिळतं. समजा नियोजकाने ठरवलं की पापेला वेगळं विमान पाठवू. मग कर्कवॉलहून जायचं, परत यायचं आणि जाता-येता निम्म्या खुर्च्या रिकाम्या. त्याऐवजी वेस्ट्रेच्या फेरीतच पापे घेतलं तर वाढीव खर्च किती? एक लँडिंग, एक टेकऑफ, थोडं इंधन आणि जमिनीवर माणसं व सामान चढवण्या-उतरवण्याची काही मिनिटं. त्या बदल्यात अख्खं एक बेट वेळापत्रकात येतं. जपानमध्ये ओकिनावाच्या पूर्वेला मिनामिदाइतो आणि कितादाइतो ही जोड-बेटं आहेत, त्यांचे विमानतळ एकमेकांपासून बारा-तेरा किलोमीटरवर. तिथेही नाहा शहरातून निघणारं विमान कित्येक वर्षं असाच त्रिकोण करायचं. नकाशात जिथे दोन छोटी बेटं जवळजवळ आणि मोठं गाव लांब असतं, तिथे विमान कंपनीचा शहाणा माणूस हाच आकार काढतो.

पूल आणि बोट यांच्याबद्दल थोडक्यात. ऑर्कनीच्या दक्षिणेकडची काही बेटं दगड-काँक्रीटच्या बांधांनी मुख्य बेटाला जोडलेली आहेत. त्यांना चर्चिल बॅरिअर्स म्हणतात. पण ते बेटकऱ्यांच्या सोयीसाठी बांधलेले नाहीत. ऑक्टोबर १९३९ मध्ये जर्मन पाणबुडीने ऑर्कनीतल्याच स्कापा फ्लो बंदरात शिरून 'रॉयल ओक' ही युद्धनौका बुडवली, आठशेहून जास्त माणसं गेली, म्हणून पाणबुड्यांची वाट बंद करायला ते बांध घातले गेले. वरून रस्ता मिळाला तो ओघाने. नव्वद माणसांसाठी अडीच-पावणेतीन किलोमीटरचा पूल शांततेच्या काळात कोणी बांधत नाही. आणि बांधला तरी माणूस पापेहून वेस्ट्रेलाच पोचेल, कर्कवॉल तेवढंच लांब राहील. बोट मात्र आहे. वेस्ट्रेहून पापेला छोटी प्रवासी बोट जाते, वेस्ट्रेहून कर्कवॉलला मोठी फेरीबोट जाते. त्या फेरीबोटीला दीड तासाच्या आसपास लागतो. विमान पाव तासात पोचवतं. रुग्णाला तपासणीसाठी सकाळी नेऊन संध्याकाळी घरी आणायचं, शिक्षकाने एका बेटावरून दुसऱ्या बेटावरच्या शाळेत जायचं, हे हिवाळ्यात बोटीवर अवलंबून ठेवता येत नाही. त्या अक्षांशावर डिसेंबरात दिवस जेमतेम सहा तासांचा असतो आणि समुद्र कसा असेल ते समुद्रच ठरवतो.

या सेवेचे खरे गिऱ्हाईक कोण, हे २०१६ सालच्या एका गोष्टीवरून कळतं. ऑर्कनीतल्या या आंतरबेट सेवेचा दहा लाखावा प्रवासी म्हणून ज्या बाईंचं कौतुक झालं, त्या बँकेत काम करत होत्या. बेटाबेटांवर जाऊन लोकांची बँकेची कामं करायची, ही त्यांची नोकरी. असं करत त्यांचे हवाई प्रवास दहा हजारांच्या घरात गेले होते. पर्यटक विक्रमाचं प्रमाणपत्र घेऊन जातात, आणि त्यांच्यामुळे खुर्च्या भरतात ही चांगलीच गोष्ट आहे. पण वेळापत्रक त्या बँकवाल्या बाईंसाठी, शिक्षकांसाठी आणि रुग्णांसाठी बनतं.

आता माझ्या जिव्हाळ्याचा विषय, ते विमान. जॉन ब्रिटन आणि डेस्मंड नॉर्मन या दोघांनी आयल ऑफ वाइट या बेटावर ते बनवलं. पहिलं उड्डाण जून १९६५ मध्ये झालं. त्यांच्यापुढचा प्रश्न साधा होता: आखूड, ओबडधोबड पट्टीवर आठ-नऊ माणसं घेऊन दिवसातून कितीतरी वेळा उतरायचं आहे, आणि बिघडलं तर साध्या हत्यारांनी दुरुस्त व्हायला हवं. त्यामुळे त्यांनी जे जे काढून टाकता येईल ते काढून टाकलं. चाकं आत ओढली जात नाहीत, म्हणून ती ओढणारी हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा नाही. केबिनमध्ये हवेचा दाब वाढवायचा नाही, कारण इतक्या उंचीवर जायचंच नाही. मधून चालायला जागा नाही. खुर्च्यांच्या रांगांना बाजूने दारं आहेत, मोटारीसारखं दार उघडायचं आणि थेट आपल्या जागी बसायचं. वैमानिक एकच असतो, त्याच्या शेजारच्या खुर्चीवर प्रवासी बसतो. पंख वर असतो, त्यामुळे पट्टीवरची खडी आणि शिंतोडे प्रोपेलरला तुलनेने कमी लागतात. लायकमिंगची दोन पिस्टन इंजिनं, प्रत्येकी २६० अश्वशक्तीची. पूर्ण भरलेल्या विमानाचं वजन तीन टनांच्या आतबाहेर. पाचशे मीटरच्या पट्टीवर ते आरामात काम करतं.

हँगरमधल्या माणसाला या साधेपणाचं महत्त्व विचारा. जी वस्तू विमानात नाही, ती बिघडत नाही. चाकं आत घेणाऱ्या विमानात प्रत्येक उड्डाणाला ती यंत्रणा एकदा वर, एकदा खाली अशी हलते. दोन मिनिटांच्या टप्प्यात ती नुसती हलतच राहिली असती.

आता तुमचा 'वाट लागत नाही का' हा प्रश्न. विमानाचं वय दोन प्रकारे मोजतात: किती तास उडालं आणि किती वेळा उडालं-उतरलं. या दुसऱ्या मोजमापाला आम्ही सायकल म्हणतो. मुंबई-लंडन करणारं विमान एका सायकलमध्ये नऊ-दहा तास जमा करतं. ऑर्कनीतलं आयलँडर तेवढ्या तासांत कितीतरी लँडिंग करून बसतं. तासांच्या वहीत ते तरुण दिसतं आणि सायकलच्या वहीत म्हातारं. ज्याने फक्त तासांची वही बघितली, तो फसला.

या फसगतीचं सगळ्यात भयानक उदाहरण बेटांमधल्या उड्डाणांचंच आहे. २८ एप्रिल १९८८ रोजी हवाईमध्ये अलोहा एअरलाइन्सचं बोइंग ७३७ हिलोहून होनोलुलूला निघालं होतं. २४,००० फुटांवर असताना पुढच्या केबिनचं छत सुमारे साडेपाच मीटर लांबीत उडून गेलं. उभी असलेली एक हवाई सेविका बाहेर फेकली गेली, ती सापडलीच नाही. बाकीचे प्रवासी पट्टे बांधून बसले होते म्हणून वाचले आणि वैमानिकांनी ते उघडं विमान माउई बेटावर उतरवलं. त्या विमानाच्या नोंदी बघा: तास ३५,४९६ आणि सायकल ८९,६८०. भागाकार केला तर सरासरी उड्डाण चोवीस मिनिटांचं भरतं. पस्तीस हजार तास म्हणजे काही फार नाही, पण जवळजवळ नव्वद हजार वेळा त्या केबिनमध्ये हवा भरली गेली आणि सोडली गेली. प्रत्येक वेळी धातू किंचित ताणला गेला. त्यात समुद्राची खारट हवा. पत्र्यांच्या जोडावरचा चिकट थर सुटला होता, रिव्हेटच्या भोकांतून बारीक चिरा एकमेकींकडे सरकत होत्या. विमानात चढताना एका प्रवासी बाईला दाराजवळ चीर दिसलीही होती, पण तिने कोणाला सांगितलं नाही. त्या अपघातानंतर जुन्या विमानांच्या तपासणीचे नियम जगभर कडक झाले. माझ्या पिढीतल्या प्रत्येक तंत्रज्ञाने ते फोटो प्रशिक्षणात बघितलेले आहेत.

आयलँडरला हा धोका नाही, कारण केबिनमध्ये दाब नाही. म्हणजे फुग्याचा ताण नाही. पण लँडिंगचा मार आहे, आणि तो चाकांच्या पायांवर, ते पाय पंखाला जिथे जोडले जातात तिथे, ब्रेकवर आणि टायरवर पडतो. दारांच्या बिजागऱ्या आणि कड्यासुद्धा झिजतात. मोठ्या विमानात दार दिवसातून चार-सहा वेळा उघडतं, इथे प्रत्येक बेटावर उघडतं-मिटतं, आणि ते वाऱ्यात, घाईत, कधी प्रवाशाच्याच हाताने. म्हणून दाराची कडी नीट बसते का, हे इथे इंजिनइतकंच गांभीर्याने बघावं लागतं.

एक काम जवळून सांगतो. चाकाच्या पायात धक्का झेलणारा दांडा असतो, त्याला आम्ही ऑलिओ म्हणतो. आत तेल आणि दाबलेला वायू. विमान जमिनीवर उभं असताना त्या दांड्याचा चकचकीत क्रोमचा भाग ठरावीक उंचीइतका दिसला पाहिजे. कमी दिसला म्हणजे वायू गळाला किंवा तेल उतरलं. सकाळी अंधारात टॉर्च घेऊन खाली वाकायचं, तो भाग बघायचा, आणि मग हायड्रॉलिक तेलात भिजवलेल्या स्वच्छ फडक्याने तो पुसायचा. कोरड्या फडक्याने नाही. कारण रात्रभरात त्यावर मीठ आणि बारीक वाळूचा थर बसलेला असतो. तो तसाच राहिला तर पहिल्या लँडिंगला दांडा आत जाताना ती वाळू सीलला कापते. सील कापलं की तेल झिरपतं, झिरपलेल्या तेलावर आणखी वाळू चिकटते, आणि दुपारपर्यंत विमान उभं. दिवसाला दोन लँडिंग करणाऱ्या विमानाला हा आळस एखादा दिवस खपून जाईल. दिवसाला पंधरा-वीस लँडिंग करणाऱ्याला नाही. फडक्याचं हे काम पाच मिनिटांचं आहे. नव्या मुलांना मी इंजिनच्या आधी हे शिकवत असे.

इंजिनांचं दुखणं वेगळं. या लायकमिंग इंजिनांना साधारण दोन हजार तासांनी पूर्ण उघडून दुरुस्त करायचं असतं. तास इथे हळू भरतात. पण इंजिनाला त्रास होतो तो पूर्ण ताकद लावण्याचा आणि लगेच कमी करण्याचा. टेकऑफला पूर्ण जोर, मिनिटभरात जोर काढून घ्यायचा. हवेवर थंड होणाऱ्या सिलिंडरला ही तापण्या-निवण्याची खेच आवडत नाही. म्हणून अशा सेवेत काम करणारा वैमानिक थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारा दांडा, एकदम ओढत नाही, हळूहळू कमी करतो. त्याच्या हाताचं वळण आम्हाला सिलिंडर उघडल्यावर दिसतं. टर्बोप्रॉपवाल्या ट्विन ऑटरसारख्या विमानांत तर इंजिनाच्या फिरत्या चकत्यांचं आयुष्यच सायकलमध्ये ठरवलेलं असतं. मध्ये इंजिन बंद न करता केलेल्या आखूड टप्प्याची मोजणी वेगळ्या पद्धतीने करावी लागते. त्या नोंदी ठेवणं कंटाळवाणं वाटतं, पण ती वही चुकली तर सगळंच चुकलं.

वैमानिकाबद्दल एवढंच सांगतो की दोन मिनिटांत 'उड्डाण' असा वेगळा भाग उरतच नाही. टेकऑफ संपतो तिथे उतरण्याची तयारी सुरू होते. पुढच्या पट्टीवर वारा कसा आहे, कुठल्या बाजूने उतरायचं, नाही जमलं तर कुठे जायचं, हे सगळं जमिनीवरच ठरलेलं असावं लागतं. लांबच्या प्रवासात वैमानिकाला मध्ये उसंत मिळते. इथे दिवसभर फक्त अवघड भागच करायचा असतो, एकट्याने, आणि ऑर्कनीच्या वाऱ्यात. त्या लोकांबद्दल मला मनापासून आदर आहे. पट्टीवरची माणसंही तशीच. बेटावरचेच रहिवासी, आपापली शेती-कामं सांभाळून विमानाच्या वेळेला हजर होतात, आग विझवण्याचं प्रशिक्षण घेतलेले असतात, सामानही तेच उतरवतात.

आता पैसा. ही सेवा तिकिटांवर चालत नाही आणि कधी चालणारही नाही. आठ खुर्च्या, त्याही दर फेरीला भरतीलच असं नाही, आणि मागे अभियंता, सुटे भाग, विमा, पट्टीची देखभाल, वैमानिक. ऑर्कनीची स्थानिक परिषद निविदा काढून कंपनीशी करार करते आणि तूट भरून देते. युरोपात याला सार्वजनिक सेवेचं बंधन मानतात. म्हणजे या मार्गावर इतक्या फेऱ्या, या दराने व्हायलाच हव्यात, आणि त्याबद्दल सरकार पैसे देईल. रस्ता बांधताना कोणी विचारत नाही की तो नफ्यात चालेल का. पापेच्या लोकांसाठी ते विमान म्हणजे रस्ताच आहे.

इतर ठिकाणी कारणं निराळी, पण तर्क तोच. जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावर वांगेरोगे आणि युइस्ट या बेटांना पाच-पाच मिनिटांची विमानं जातात, तीही बऱ्याचदा आयलँडरच. कारण तिथला समुद्र इतका उथळ आहे की फेरीबोट भरती-ओहोटी बघून सुटते. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. कॅरिबियनमध्ये सेंट मार्टिनहून साबा बेटावर ट्विन ऑटर दहा-पंधरा मिनिटांत जातं आणि चारशे मीटरच्या धावपट्टीवर उतरतं, दोन्ही टोकांना कडा आणि खाली समुद्र. आयर्लंडमध्ये किनाऱ्यावरून आरान बेटांना असंच आयलँडर उडत आलं.

सध्या लोक विचारतात की इतक्या आखूड मार्गाला बॅटरीचं विमान का नाही लावत. ऑर्कनीत हे प्रयोग झालेत. २०२१ मध्ये अँपेअर कंपनीचं अर्धं विजेवर चालणारं विमान कर्कवॉलहून समुद्र ओलांडून स्कॉटलंडच्या मुख्य भूमीवरच्या विक या गावी गेलं. पण यात एक अडचण आहे, जी बाहेरून दिसत नाही. नियमाप्रमाणे विमानात फक्त प्रवासापुरतं इंधन घेऊन चालत नाही. दिवसा, नजरेच्या भरवशावर उडतानाही ठिकाणाला पोचून आणखी साधारण अर्धा तास उडता येईल इतका साठा लागतो. म्हणजे दोन मिनिटांच्या प्रवासासाठी बत्तीस मिनिटांची बॅटरी वाहायची, आणि बॅटरी रिकामी झाली तरी तिचं वजन कमी होत नाही. शिवाय प्रत्येक बेटावर थोडी उतरायची, कर्कवॉलला पुन्हा भरायची, म्हणजे बॅटरीची सायकलही आलीच. माझं मत विचाराल तर अशा मार्गांवर विजेचं विमान येईल. पण 'अंतर कमी म्हणून सोपं' असं कोणी सांगितलं तर त्याने साठ्याचा हिशोब केलेला नाही.

आता आपल्याकडचं. महाराष्ट्रापुरतं माझं उत्तर सरळ आहे: नको. भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो तासाभरात जाते, गाड्या घेऊन जाते, पावसाळ्यातही बऱ्यापैकी चालते. ज्या पाण्यावर बोट नियमित चालते तिथे बोटच चांगली करावी, धक्के नीट करावेत. विमान तिथेच आणावं जिथे बोट माणसाचा दिवस खाते.

अशी जागा म्हणजे लक्षद्वीप. वस्तीची दहा बेटं, राजधानी कवरत्ती, पण धावपट्टी फक्त अगत्तीला, तीही जेमतेम बाराशे मीटरची, दोन्ही बाजूंना पाणी. मोठं विमान तिथे अडखळतं, आयलँडर किंवा डॉर्निअर २२८ साठी ती ऐसपैस आहे. डॉर्निअर तर आपलं हिंदुस्तान एरोनॉटिक्स कानपूरला बनवतं. २०२२ मध्ये तेच विमान अलायन्स एअरने अरुणाचलमध्ये दिब्रुगड-पासीघाट मार्गावर प्रवासी सेवेत आणलं. म्हणजे विमान आहे, ते उडवणारी आणि सांभाळणारी माणसंही आहेत. अंदमानात २०१० च्या डिसेंबरात पवन हंसने पाण्यावर उतरणाऱ्या विमानाची 'जल हंस' सेवा सुरू केली होती, ती फार काळ टिकली नाही. खाऱ्या पाण्यावर उतरणारं विमान सांभाळणं हे जमिनीवर उतरणाऱ्या विमानापेक्षा कितीतरी जड काम आहे. बेटांसाठी मी पट्टी आणि साधं विमान हेच मागेन.

अडतं कुठे, तर कराराच्या मुदतीत. उडान योजनेत तूट भरून देण्याची मुदत तीन वर्षांची ठेवली. कल्पना अशी की तोवर मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहील. दोन शहरांच्या मध्ये कदाचित राहील. सिंधुदुर्गसारख्या ठिकाणीसुद्धा सेवा सुरू होते, थांबते, हे आपण बघितलं आहे. नव्वद माणसांचं किंवा नऊ हजार माणसांचं बेट तीन वर्षांत गर्दीचं ठिकाण होत नाही, आणि होऊही नये. तिथे करार निदान दहा वर्षांचा हवा. आणि पैसे खुर्च्यांवर किंवा तासांवर न मोजता लँडिंगवर मोजायला हवेत. तसं केलं की कंपनीला छोट्या बेटावर थांबण्याचा कंटाळा येत नाही. उलट त्रिकोण, चौकोन काढून जास्त बेटं घेण्यात तिचा फायदा होतो.

दुसरी अट हँगरची. विमान रात्री बेटावर राहणार असेल तर अभियंता आणि सुट्या भागांचं कपाट तिथेच हवं, कोचीला नाही. एक टायर कोचीहून यायला दोन दिवस लागले की वेळापत्रकावरचा विश्वास उडाला, आणि बेटावर विश्वास एकदा उडाला की माणूस पुन्हा बोटीचंच तिकीट काढतो.

आणि तिसरी अट कुठल्याच प्रस्तावात मला दिसलेली नाही: गोडं पाणी. समुद्रावरून उडणारं विमान रोज गोड्या पाण्याने धुवावं लागतं, पोटाखालून, चाकांच्या खाचांतून, फ्लॅपच्या, म्हणजे पंखाच्या मागच्या हलत्या पट्ट्यांच्या फटींतून. नाहीतर गंज कुठून शिरला ते वर्षभराने पत्रा उघडल्यावर कळतं. लक्षद्वीपमध्ये जमिनीतलं गोडं पाणी म्हणजे खाऱ्या पाण्यावर तरंगणारा पातळ थर. लोकांना प्यायलाच ते पुरत नाही, म्हणून २००५ पासून कवरत्तीला समुद्राचं पाणी गोडं करण्याचा प्रकल्प चालतो. तेव्हा कोणी बेटांमधल्या विमानसेवेचा आराखडा घेऊन आला तर मी आधी धावपट्टीची लांबी विचारणार नाही. विमान धुवायला पाणी कुठून आणणार, ती टाकी कुठे बसवणार आणि त्याचा खर्च कोणाच्या खात्यावर, एवढं त्याने आधी कागदावर दाखवावं.